मोंतोंग दायेची इनाक

आमच्या घरातल्या तांदळाच्या डब्याला हात लावायची माझ्या नवऱ्याला परवानगी नव्हती. ही बंदी मी घातलेली नाही, एवढं आधी सांगून टाकते. ती घातली होती आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका बाईनं. तिचं गाव इंडोनेशियात, लोंबोक नावाच्या बेटावर, आणि तिचं-आमचं नातं म्हणाल तर मधल्या एका भिंतीचं. इथे बहरीनमध्ये, सीफच्या मॉलमध्ये माझी दुपारची शिफ्ट असली की दिनेशनं कामावरून येऊन कुकर लावावा, इतकी माझी साधी अपेक्षा. भाजीची गाडी चालवून दमलेला तो माणूस एके दिवशी वाटी घेऊन डब्यापाशी वाकला, आणि दारातून आरोळी आली.

"अमाक सई! तुम आदमी है. चावल में हाथ मफी!"

मफी म्हणजे अरबीत नाही, नको. दिनेश वाटीसकट जागच्या जागी उभा. मग तिनं आत येऊन त्याच्या हातातली वाटी घेतली, ओढणी डोक्यावर सारखी केली, तोंड मिटून तांदूळ काढले, झाकण लावलं आणि वाटी परत त्याच्या हातात दिली. पुढचं त्यानं खुशाल करावं. धुवावं, शिजवावं, करपवावं. फक्त डब्यातून काढायचे ते बाईनं. मी घरी आल्यावर हा मला म्हणाला, "अगो, ही बाय मला एक दिवस उपाशी मारनार हाय." त्यानंतर इनाक बाहेर गेलेली असली की तो निमूटपणे खालच्या हमीदभाईंच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे किराणा दुकानातून, खुब्जची अरबी रोटी आणून खात असे. तिच्या माघारीसुद्धा डब्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

इनाक म्हणजे त्यांच्या ससाक भाषेत आई. तिच्या गावात बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव संपतं. त्या मुलाची आई, एवढंच नाव उरतं. तिच्या मुलीचं नाव नूर, म्हणून ती इनाक नूर. त्याच न्यायानं आमच्या सईमुळे मी झाले इनाक सई आणि दिनेश अमाक सई, म्हणजे सईचा बाप. इनाकचं खरं नाव काय, हे मला तिच्या ओळखपत्रावर वाचायला मिळालं असतं. पण मी कधी पाहिलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

ठेंगणी, रुंद चेहऱ्याची, हसताना तोंडावर हात धरणारी. सकाळी ती आमच्याच हूरा भागात एका वयस्क बहरीनी बाईंकडे स्वयंपाक आणि आवराआवर करायची. त्या मॅडम समजूतदार होत्या, म्हणून दुपारनंतर ती मोकळी. हिंदी तिनं आमच्या गल्लीतल्या दुकानांत उचललेली, अरबी मॅडमच्या स्वयंपाकघरात. दोन्ही एकत्र ढवळून ती जे बोलायची ते पहिल्या महिन्यात मला कळलं नाही आणि नंतर माझ्याच तोंडी बसलं. अजूनही कामावर मी चुकून "टाइम मफी" म्हणून जाते.

कुठल्याही जागेबद्दल तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: पाणी कुठून येतं? मी नव्या मॉलचं कौतुक सांगत बसले, तर म्हणाली, "अच्छा. पानी किधर से आता?" हमीदभाई रायगडचे, त्यांना तिनं ओळख झाल्या झाल्या विचारलं, "तुम्हारा गाँव में पानी कितना महीना?" हमीदभाई म्हणाले, "मे महिन्यात टँकर येतो, बाई." तेव्हापासून तिला हमीदभाईंबद्दल फार सहानुभूती. कांदे घ्यायला गेली की हळूच विचारायची, "टँकर आया?"

त्याला कारण होतं. मोंतोंग दाये हे तिचं गाव बेटाच्या दक्षिण अंगाला, डोंगराच्या कोरड्या बाजूला. लोंबोक ऐकलेली माणसंसुद्धा ते गाव ओळखत नाहीत. नदी नाही, पाट नाही. आभाळातून पडेल तेवढंच पाणी. म्हणून प्रत्येक शेताच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटं तळं खणलेलं असतं, त्यात पावसाचं पाणी साठवायचं आणि त्यावर भाताचं एक पीक काढायचं. नंतर जमीन इतकी भेगाळते की त्या भेगांत तिच्या लहानपणी कोंबडीची पिल्लं पडत, आणि ती काढायचं काम तिच्याकडे असे. हे सांगताना ती बोटं वाकवून पिल्लू उचलून दाखवायची.

तिचं शेतही असंच, एक तुकडा आणि एक तळं. नवरा लवकर गेला. दिराचं म्हणणं, आता विकून टाकू. समुद्र जवळ आहे, परदेशी लोकांसाठी बंगले बांधणारं गिऱ्हाईक दारात उभं आहे, ते तळं बुजवून टाकतील आणि आपली कटकट संपेल. तळं बुजवायचं म्हटल्यावर इनाक उठली आणि बहरीनला आली. मजुरीनं लावणी करून घ्यायची, काढणी करून घ्यायची, शेत पडीक म्हणून कुणी बोट दाखवता कामा नये, एवढ्यासाठी ती इथे राबत होती. तिला दागिना नको होता, सिमेंटचं घर नको होतं. तो तुकडा हातचा जाऊ नये, हेच तिला हवं होतं. दर भेटीत कुठल्या तरी वळणानं ती तिथेच यायची.

आमची मैत्री जमली ती मात्र शेणावरून. मी संगमेश्वराकडची. एकदा गप्पांत मी म्हटलं, आमच्याकडे जमीन शेणानं सारवतात. मला वाटलं ही नाक मुरडेल. तिनं माझा हात धरला. "हमारा भी! भैंस का!" त्यांच्याकडे घरातली जमीन म्हशीच्या शेणानं सारवतात, घट्ट बसते आणि डास येत नाहीत म्हणून. मग काय विचारता. हात कसा फिरवायचा, अर्धगोल की सरळ, माती किती, पाणी किती, यावर दोघी तासभर बोललो. सईचा वाढदिवस जवळ आला होता, तेव्हा आमच्या डोक्यात किडा शिरला की इमारतीच्या गच्चीवर थोडी जागा सारवून तिला तिथे पाटावर बसवायचं. दिनेशची गाडी बुदैयाकडच्या मळ्यांत जायचीच. तो गोणीतून शेण घेऊन आला. तोंड असं केलं होतं जणू बंदी घातलेला माल आणलाय.

इनाकनं पहिल्याच मुठीला नापसंती दाखवली. "गाय का है. ये पकड़ेगा नहीं." तरी दोघींनी पदर आणि बाह्या खोचून सारवलं, आणि सांगते, सुंदर झालं. मी डोळे भरून पाहिलं, खाली जाऊन आंघोळ केली, सईला नवा फ्रॉक घातला आणि वर आले. तेवढ्या वेळात बहरीनच्या उन्हानं ते सगळं वाळवून पापडासारखं उचललं होतं. त्यात समुद्राकडून वारा सुटला. आमच्या सारवणाचा भुगा उडाला तो थेट दोरीवरच्या कपड्यांवर, अख्ख्या इमारतीच्या, कुणाचे पांढरे शर्ट, कुणाचे झब्बे. मागच्या जन्मीचं काहीतरी असेल, नाहीतर वाळवंटात सारवायला निघणाऱ्या बायका आणखी कुठे सापडणार? हमीदभाई वर आले, नाक वर करून दोनदा वास घेतला आणि म्हणाले, "वहिनी, गावाला गेल्यागत वाटलं. पण हे कपडे आता कोण धुणार?" आम्ही दोघींनी धुतले, सगळे. इनाक शेवटच्या बादलीपर्यंत एकच वाक्य म्हणत होती: "बोला था, भैंस का चाहिए."

आता जे सांगणार आहे ते मी हसत सांगू शकत नाही. आमच्या इमारतीतल्या कितीतरी घरांत मूल चालायला लागलं की गावी आजी-आजोबांकडे पाठवतात. नवरा-बायको दोघं कामावर, शिफ्टचा भरवसा नाही, पाळणाघर परवडत नाही. आमचंही ठरलं होतं. सईच्या कपड्यांची बॅग भरून कोपऱ्यात उभी होती. इनाकनं ती पाहिली, विचारलं, ऐकलं आणि म्हणाली, "दोपहर को मेरे पास रखो. भेजना नहीं." बस, एवढंच. मी बॅग रिकामी केली. माझी मुलगी माझ्याजवळ वाढली, ती रोज सकाळी माझ्या अंगावर पाय टाकून झोपलेली मला दिसली, ते या बाईमुळे. तिचे उपकार मी कुठल्याही तराजूत घालायला तयार नाही. देवापुढे दिवा लावताना मी आजही तिचं नाव घेते, आणि ती नमाज पढणारी होती याची देवाला काही अडचण वाटत असेल असं मला वाटत नाही.

दुपारी त्या दोघींचा एकच खेळ असायचा. आमचा सोफा म्हणजे लुंबुंग. लुंबुंग म्हणजे त्यांची भाताची कणगी, पण चार उंच खांबांवर उभी, वर गवताचं फुगीर छप्पर आणि शिडीनं चढायचं. आत भाताच्या जुड्या रचलेल्या. तिथे फक्त घरची बाई चढते. सई डोक्याला ओढणी बांधायची, उजवा पाय आधी टाकायची, ओठ घट्ट मिटायची, कारण वर असेपर्यंत बोलायचं नसतं, आणि सोफ्याच्या पाठीवर चढून गुंडाळलेला टॉवेल खाली आणायची. जुडी! मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी ही माझी पोर तेवढा वेळ गप्प असायची. मी त्याबद्दलही इनाकची आभारी आहे.

मात्र इनाक फोनवर नूरशी बोलू लागली की मी आपली कामाला लागायची. ते ऐकवत नसे. नूरला आजीजवळ, म्हणजे इनाकच्या सासूजवळ ठेवून ती आली होती, तेव्हा पोर शाळेत जात होती. आता नूर बेटावरच्या शहरात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर उभी राहते, फाडफाड इंग्रजी बोलते आणि आईशी दोन मिनिटांत बोलणं संपवते. एकदा फोन ठेवल्यावर इनाक कितीतरी वेळ हातातल्या फोनची काच पुसत राहिली. मग म्हणाली, "नूर बोलती, तुम दूसरे का बच्चा पाला. अब मेरे को चावल का बात मत सिखाओ." तो दुसऱ्याचा बच्चा माझा होता.

आणि तेवढ्यात इनाकची सासू वारली. घरात बाई उरली नाही, लुंबुंगला कडी लागली. दिरानं गावच्या वडीलधाऱ्यांपुढे विषय काढला. त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे सांगितलं: पेरणीच्या पावसाआधी घरची बाई लुंबुंगमध्ये चढली, तर घर चालू आहे. नाही चढली, तर घर बंद, मग दिरानं जमिनीचं काय ते ठरवावं. आम्ही म्हटलं, इनाक, तू जा, चढून ये, मॅडम रजा देतील. तिनं गुडघ्यांवरून हात फिरवला. ते गुडघे आमचे दोन मजले चढताना तिसऱ्या पायरीला थांबत. पण खरं कारण ते नव्हतं. "मैं चढ़ा, फिर? मेरे बाद कौन? सब पूछेगा. नूर नहीं चढ़ा तो खलास."

नूरनं स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. काकाला हवं ते करू दे.

ते दिवस वाईट गेले. इनाकनं तक्रार केली नाही, पण तिची भाजी अळणी व्हायला लागली, आणि नव्या जागांच्या पाण्याची चौकशी बंद झाली.

मग एका दुपारी इनाक नमाजाला बसलेली असताना तिचा फोन वाजला आणि सईनं तो उचलला. हे मला नंतर सईकडूनच कळलं. समोर नूर. सईनं तिला इंग्रजीत विचारलं, "आर यू नूर? राइस हाउसवाली नूर?" चालायला लागल्यापासून जिच्या घराच्या गोष्टी ऐकल्या ती नूर प्रत्यक्ष पाहून पोरीला आनंद झाला होता. तिनं विचारलं, आत कसं दिसतं? नूर म्हणाली, मला माहीत नाही, मी कधी चढले नाही. सईला ते खरंच वाटेना. घर तुझं आणि तू चढली नाहीस? नूर म्हणाली, मला कुणी शिकवलंच नाही. आजी एकटीच चढायची आणि शिकवणारी तुमच्याकडे होती. त्यावर माझी पोर म्हणाली, "आय विल टीच यू."

त्यानंतर त्यांचे फोन चालू झाले. सई सोफ्यावर चढून दाखवायची आणि तिकडे हॉटेलच्या निळ्या कोटातली ती तरुण मुलगी हसायची. इनाक मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसे, आपण काही ऐकलंच नाही असं दाखवत. नूर शेवटी गावी का गेली, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सईच्या हट्टासाठी, आजीसाठी, की काकाचा राग आला म्हणून. माणूस एखादी गोष्ट एकाच कारणासाठी करतो असं थोडंच असतं.

तो शुक्रवार होता. आमच्याकडे सकाळ, तिकडे दुपार टळलेली. नूरनं फोन गळ्यात अडकवला होता, त्यामुळे आम्हाला ती नाही, ती जे पाहत होती ते दिसत होतं. आधी आटलेलं तळं, तळाशी थोडा ओला चिखल. मग लुंबुंग. खांबांना वरच्या बाजूला लाकडाच्या गोल चकत्या, उंदीर चढू नयेत म्हणून. शेजारच्या अंगणांतून माणसं उठून पाहायला लागली. एका बाजूला हाताची घडी घालून उभा असलेला माणूस म्हणजे दीर असणार. सईनं ओठांवर बोट ठेवलं. नूरचा उजवा पाय शिडीवर पडला.

इनाक खोलीत नव्हती. स्वयंपाकघरात परातीत तांदूळ घेऊन निवडत बसली होती. ते तांदूळ आदल्या दिवशी मीच निवडून ठेवले होते.

कडी निघाली. आत अंधार, मग बांबूच्या फटींतून आलेल्या उजेडाच्या रेघा, आणि त्यात रचून ठेवलेल्या जुड्या. अगदी थोड्या. वरच्या जुडीवर एक विटलेली ओढणी घडी करून ठेवलेली. आजी चढताना बांधायची ती, पुढच्या वेळेसाठी तिथेच ठेवून गेलेली. नूरचा हात ओढणीपाशी गेला आणि तिथेच राहिला. वर असेपर्यंत बोलायचं नसतं, सईनं तिला शंभरदा बजावलं होतं. पण नूर बोलली.

"इनाक."

परात खाली ठेवल्याचा आवाज आला. इनाक येऊन फोनसमोर उभी राहिली. नियम मोडला म्हणून ती रागावेल असं मला वाटलं. माझ्या नवऱ्याला एका वाटीसाठी दरडावणारी बाई ती! पण ती नुसती फोनवर वाकली. नूर त्यांच्या भाषेत आणखी काहीतरी म्हणाली. इनाकनं दोन बोटं वर केली, मग ती बोटं तशीच धरून रडायला लागली. मी विचारलं, काय म्हणाली गं?

"पूछती है," इनाक म्हणाली, "कितना निकालना."

दोन जुड्या काढून नूर खाली उतरली. दिराला तिनं काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण तो माणूस हाताची घडी सोडून निघून गेला एवढं दिसलं. पुढच्या आठवड्यात तिनं आईला कळवलं: मी विकू देणार नाही, पण मला एकटीला यातलं काही येत नाही. तू ये.

विमानतळावर आम्ही तिघं गेलो होतो. मी ठरवून गेले होते की नीट बोलायचं. म्हटलं, "इनाक, तू नसतीस तर माझी मुलगी माझ्याजवळ नसती. शुक्रिया हा शब्द मला पुरत नाही." ती तोंडावर हात ठेवून हसली. "शुक्रिया क्यों? इतना साल मेरा हाथ खाली मफी. तुमने दिया, बच्चा." मग सईच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवले आणि रांगेत जाऊन उभी राहिली. दिनेश खिडकीकडे तोंड करून उभा होता, त्याला म्हणे विमानं बघायची होती.

त्यानंतर पाऊस झाला, लावणी झाली. हे सगळं नूर कळवत असे. ती अजून हॉटेलात आहे, सुट्टीला गावी जाते. काढणीला तिनं रजा घेतली. त्या रजेतल्या एका शुक्रवारी सईनं फोन लावला, तर नूरच्या गालाला चिखल लागलेला आणि मागे पिवळं शेत. तिनं फोन फिरवला. बांबूच्या टोप्या घातलेल्या बायकांची ओळ वाकून पुढे सरकत होती. सगळ्या सारख्याच. त्यांतली एक दर पावलाला जरा थांबत होती, म्हणून मला कळलं.

नूरनं हाक मारली. सईनं इकडून हाक मारली. इनाकनं ऐकलं असणार, कारण तिनं हात मागे करून हलवला: आत्ता नाही, नंतर. इतकी वर्षं हूऱ्याच्या त्या खोलीत एका फोनच्या आधारावर दिवस काढलेली बाई ती, पहिल्या घंटीला धावणारी. सई रुसली. म्हणाली, "शी इज नॉट इव्हन टर्निंग." मी म्हटलं, नको वळूस गं बाई, नको वळूस. इनाकनं पायाशी जमलेली जुडी बांधली, बांधावर ठेवली आणि पुन्हा ओळीत शिरली.